टेपचं दुसरं टोक

पटलं तर ठेवा, नाहीतर विसरून जा. पण यात माझ्या पदरचं काहीही नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीनं, रुपालीताईनं, जे सांगितलं तेच लिहितोय.

तारीख तिला पाठ आहे. सोळा ऑक्टोबर १९९९, शनिवार. भीमाशंकरचं जंगल. दुपारचे साडेबारा.

हो, दुपारच. अंधार नव्हता.

धुकं होतं...

ताई दौंडची. तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवायची, तासिका तत्त्वावर. रोज एस.टी.नं जाणं-येणं. कायम होण्याची वाट बघण्यात चार वर्षं गेलेली.

दर ऑक्टोबरात शेवटच्या वर्षाची मुलं भीमाशंकरला जायची. सदाहरित जंगल म्हणजे काय, ते पुस्तकाबाहेर बघायला. पोरं सगळी आपल्याकडची. ऊस, कांदा आणि बाभळी बघत वाढलेली. भर दुपारी ऊन जमिनीला लागत नाही असलं रान बघून ती गप्पच व्हायची.

तिथं एक प्रयोग असायचा. तीस मीटरचा कापडी टेप. एकानं त्याची कडी धरून झाडीत सरळ चालत जायचं आणि दर मीटरला टेपला कोणतं झाड लागतं ते ओरडून सांगायचं. दुसऱ्यानं टेपचा डबा धरून एका जागी उभं राहायचं आणि ऐकलेलं वहीत लिहायचं. लिहून झालं की कडीवाला विचारणार, "सोडू का?" डबेवाला म्हणणार, "सोड." मग टेप गुंडाळायचा.

एवढंच.

आता आधीच्या वर्षाचं सांगायला हवं.

१९९८ च्या सहलीत हर्षदा नावाची मुलगी होती. निमोणे गावची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, वडील हौशीराम शेवंती लावायचे. कॉलेजची पायरी चढलेली घरातली ती पहिलीच. पान नुसतं चुरगाळून, वास घेऊन झाडाचं नाव सांगायची.

परत निघताना सगळे गाडीत बसले आणि विभागप्रमुखांना आठवलं, टेप जंगलातच राहिला. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे.

"हर्षदा, तुला वाट माहितीये. पळत जा, घेऊन ये."

एकटीला.

संध्याकाळचे पाच वाजलेले. ढग खाली उतरत होते. ताई शेजारच्याच सीटवर होती. 'मी जाते तिच्यासोबत' हे शब्द ओठांवर आले होते, असं ती सांगते.

आले. पण बाहेर पडले नाहीत.

हर्षदा तिसऱ्या दिवशी सापडली. कड्याखाली. टेपचा डबा तिच्या हातातच होता.

ज्यांनी तिला वर काढलं त्यांनी डबा मोठ्या सरांकडे दिला. पोलीस यायच्या आत तो सरांच्या पिशवीत गेला.

मग एक जबाब टाईप झाला. 'सदर विद्यार्थिनी सूचना न जुमानता स्वतःच्या मर्जीने गटापासून वेगळी झाली.' खाली दोन सह्या. एक मोठ्या सरांची.

दुसरी ताईची.

"तुझं कायमचं प्रपोजल माझ्याच टेबलावर आहे," एवढंच सर म्हणाले होते.

गावात त्या 'स्वतःच्या मर्जीने'चा भलताच अर्थ निघाला. पोरगी कुणाला तरी भेटायला गेली होती म्हणे. हौशीरामनं पारावर बसणं सोडलं.

पुढच्या ऑक्टोबरात सहल पुन्हा निघाली. तेच जंगल. आणि कॉलेजची वस्तू म्हणून...

तोच टेप.

ताईनं मुलांचे गट पाडले. धुकं इतकं दाट की पाच हातांवरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. वाटाड्या खंडू पुढं होता. त्याच्या मागं चालता चालता तिची वाट केव्हा चुकली, तिला कळलंच नाही. मोकळी जागा लागली तशी ती थांबली. वही उघडली, डबा काखेत धरला आणि मान खाली घालून कडी पुढं केली.

"चला, कोण जातंय?"

कुणीतरी कडी घेतली.

हात गार होता. धुक्यात सगळ्यांचेच हात गार असतात.

टेप सरसर सुटायला लागला. मग धुक्यातून आवाज आला.

"एक मीटर... कारवी."

ताईनं लिहिलं.

"दोन... कारवी. तीन... पिसा."

मुलीचा आवाज. स्वच्छ, न अडखळता. ताई लिहीत गेली. अंजनी, हिरडा, जांभूळ, पुन्हा अंजनी. वीस मीटर झाले. एकवीसला रामेठा.

मग जरा वेळ काहीच नाही.

"बावीस... काय न्हाई."

ताईनं रेघ मारली. असतं कधी कधी, मधे मोकळी जागा असते.

"तेवीस... काय न्हाई."

"चोवीस... काय न्हाई."

पक्ष्यांचा आवाज थांबला होता. पानांवरून टपटपणारं पाणीसुद्धा थांबलं होतं.

"पंचवीस... काय न्हाई."

टेप सुटतच होता...

तेवढ्यात पाठीमागून पावलं वाजली. तिच्या गटातला रविराज आणि बाकीची चारही पोरं होती, सोबत खंडू.

"मॅडम, कुठं गेला व्हता तुम्ही? कवापास्नं शोधतोय. टेप द्या ना, आमचा प्रयोग राहिलाय."

ताईनं पोरं मोजली. बाकीचे दोन गट मोठ्या सरांबरोबर वरच्या वाटेला होते. तिच्याकडची पोरं एवढीच.

सगळी मागं उभी.

आणि टेप पुढं ताणलेला.

खंडूनं तिचं कोपर धरलं. एरवी बाईमाणसाला हात न लावणारा माणूस.

"मॅडम, हलू नगा. तुमाला इकडं कुणी आणलं? त्या रामेठ्याच्या पल्याड कडा हाय."

वाऱ्याची एक झुळूक आली. धुकं क्षणभर फाटलं.

कडा दिसला. त्यापुढं नुसती पांढरी पोकळी.

टेप कड्यावरून पुढं गेला होता. पण खाली लोंबत नव्हता. सरळ गेला होता... कमरेच्या उंचीवर, ताठ. समोर कुणीतरी उभं राहून धरावा तसा.

रविराजनं तो पाहिला. खंडूनंही पाहिला.

मग त्या पोकळीतून आवाज आला. अगदी साधा. घाई नसलेला.

"मॅडम... सोडू का?"

ताईनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सोडू का, मॅडम?"

टेपला हिसका बसला. ताई एक पाऊल पुढं ओढली गेली. खंडू ओरडला, "टाका ते! टाका हातातलं!"

तिनं डबा भिरकावला. तो गवतावरून सरपटत गेला, काठावरून गेला.

सगळे कान देऊन उभे राहिले.

पडल्याचा आवाज आलाच नाही.

सोमवारी मोठ्या सरांनी ताईकडून लेखी खुलासा मागवला. तीस मीटरचा टेप कसा हरवला, कुठं हरवला, जबाबदार कोण. दोन पानं लिहून द्यावी लागली. हर्षदा कशी गेली, याचा खुलासा वर्षभरात तिला कुणी मागितला नव्हता.

पुढच्या रविवारी ताई निमोण्याला गेली. हर्षदाची आई, भागुबाई, शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होती. ताईनं बांधावर बसून सगळं सांगितलं. सरांनी पाठवलं होतं. पोरगी कुणाला भेटायला गेली नव्हती. सही माझी आहे.

जंगलात ऐकलेलं मात्र सांगितलं नाही.

भागुबाईनं खुरपं खाली ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही.

"आमाला ठावं हुतं बाई. आमची पोर हाय ती. ह्ये कागदावर कवा लिहून देताय?"

ताईनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

"यांनी वर्षभर गावात मान वर क्येली न्हाई. चार माणसांत येऊन सांगाल का? ग्रामपंचायतीपुढं?"

पुढच्याच महिन्यात कायम होण्यासाठी ताईची मुलाखत होती. समितीत मोठे सर होते.

"मग मला एकलीला कशापायी सांगायला आलात?" भागुबाई उठली. "लाईट आलीया. वाफ्यांना पाण्याचं दारं धरायचंय मला."

पाटाच्या कडेनं ती निघून गेली. चहाचं विचारलं नाही.

ताई कायम झाली. मोठे सर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, सगळ्यांबरोबर ताईनंही टाळ्या वाजवल्या. तो जबाब अजून तसाच आहे. रविराज कुठल्याशा कंपनीत लागला, विषय काढला की फोन ठेवतो.

हे सगळं ताईनं मला २००४ मध्ये सांगितलं, दौंडला, तिच्या स्वयंपाकघरात. ऐकून झाल्यावर मी विचारलं, "धुक्यात आवाजाचा भास होतो. रविराज येईपर्यंत तुला काही वाटलंच नव्हतं ना?"

तिनं गॅस बंद केला.

"मी सगळ्यांना तसंच सांगते."

तिनं ओट्यावरून फडकं फिरवलं.

"पहिल्या मीटरलाच ओळखला होता मी हर्षदाचा आवाज. कारवी म्हणाली ना, तेव्हाच."

"मग लिहीत का राहिलीस?"

"मान वर केली असती तर तिच्याकडं बघावं लागलं असतं."

तिनं गॅस पुन्हा पेटवला.