ठिबकचा सोन्या

गोठ्याचं दार सताड उघडं होतं आणि आत सोन्या नव्हता.

रोहिणीने डोक्यावरची आंब्यांची पाटी खाली ठेवली. शेजारच्या लग्नात जेवून यायला दोन तास लागले असतील. तेवढ्यात पाच फुटी बैल गेला कुठं?

"पळाला आसंल," सत्यम म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं दहा, आणि नको तेव्हा बोलण्यात पटाईत.

"नळ्यांचा बैल पळत आसतो व्हय रे?"

खरा सोन्या पौषातच गेला होता. त्यांचे आईवडील, कौशल्याबाई आणि आश्रुबा, दरसाल बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात. यंदा कारखान्याच्या वाटेवर भरलेली गाडी उलटली आणि सोन्या परत उठलाच नाही. जोडीचा बैल विकून दोघं एस.टी.ने घरी आले. त्या दिवसापासून आश्रुबांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही, की सोन्याचं नाव काढलं नाही. त्याची घुंगरमाळ तेवढी त्यांनी पेटीत ठेवली होती.

म्हणून सुट्टी लागल्याबरोबर रोहिणी, सत्यम आणि शेजारची करिष्मा यांनी ठरवलं, की सोन्याला परत आणायचं. खारींनी कुरतडलेल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या बांधाबांधावर टाकून दिलेल्या असतात. त्या त्यांनी ओढून आणल्या. क्षाराने बुजलेली भोकं बाभळीच्या काट्याने मोकळी केली. मोडक्या बाजेचा सांगाडा केला, सायकलच्या हँडलची शिंगं केली. डावं शिंग जरा खाली वाकवलं, कारण सोन्याचं तसंच होतं. नळ्या एकीला एक जोडून शेपटीपासून तोंडापर्यंत एकच लांब नळी गुंडाळायची, ही करिष्माची अक्कल. शेपटीतून पाणी सोडलं की सगळं अंग ठिबकेल आणि खालच्या परातीत चिमण्या पाणी पितील. तोंडापाशी खारीने पाडलेलं एक भोक त्यांनी मुद्दाम बुजवलं नाही, कारण सोन्याची लाळ सारखी गळायची. शेवटी पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या निळ्या ऑइलपेंटने पोटावर लिहिलं, 'सोन्या', आणि खाली तिघांची नावं.

दुसऱ्या दिवशी आश्रुबांना हात धरून गोठ्यात आणायचं ठरलं होतं. आता काय दाखवणार, कपाळ?

रोहिणी पाटीतल्या आंब्यांकडे बघत म्हणाली, "बैल घरी येत न्हाई तवर मी आंबा खाणार न्हाई. आन् ज्यानं नेला, त्याला चार गावांम्होरं रडवीन."

मे महिन्यात आंबा सोडणं काय असतं, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. पण ही पोरगी हट्टाला पेटली की ऐकणारी नव्हती. तिला कुणाची माफी नको होती, तिला बदला हवा होता. मला विचाराल तर तिचं काही चुकत नव्हतं.

गोठ्यासमोर टेम्पोच्या चाकांचे वळ होते. पण लग्नात टेम्पो काय कमी आले होते? तीन दिवस तिघांनी वाडी पालथी घातली. चौथ्या दिवशी मिठाची पुडी आणायला नेकनूरच्या बाजारात गेलेला सत्यम मीठ विसरून धावत परत आला.

"मंडपवाला रामप्रसाद चार किलो गेरू घेत व्हता!"

"मग? घेईना का," रोहिणी म्हणाली.

करिष्मा मात्र ताडकन उठली. "अगं, मे महिन्यात गेरू कावून लागतोय त्याला? दिवाळीला अजून सा महिने हायत."

"आन् त्याच्या दुकानावर कागद लावलाय," सत्यम म्हणाला. "ऐतवारी बाजारतळावर प्रदर्शन हाय. टाकाऊतून टिकाऊ."

तेव्हा कुठे रोहिणीला आठवलं. लग्नाचा मंडप टाकायला आलेला रामप्रसाद सावलीला म्हणून गोठ्यात शिरला होता. किती तरी वेळ सोन्याकडे बघत उभा राहिला आणि जाताना म्हणाला होता, "भंगाराची म्हैस केलीय पोरांनी." म्हैस म्हणाला आणि बैल घेऊन गेला, तोही लग्नाला आलेल्या टेम्पोंच्या गर्दीतून, आपल्या टेम्पोत घालून.

रविवारी तिघं पहिल्या बसने नेकनूरला उतरली. मंडपाच्या मधोमध, उंच स्टेजवर एक लालभडक बैल उभा होता. खाली पाटी होती, 'कृषिवृषभ. कलाकार: रामप्रसाद'. अंगावर गेरूचा जाड थर होता, पण डावं शिंग खालीच वाकलेलं होतं. रोहिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक रामप्रसादसमोर जाऊन उभी राहिली.

"ह्यो आमचा बैल हाय."

पांढराशुभ्र सदरा घातलेला रामप्रसाद गालात हसला. "आसं का? नाव लिवलंय का तुजं त्याच्यावर? कुठाय? दाखव की."

रोहिणीने पोटावरचा गेरू खरवडायला हात पुढे केला, तर एका स्वयंसेवकाने तिला मागे लोटलं. 'हात लावू नये' अशी पाटीच होती तिथं.

"मी दगड मारणार हाय त्याला," ती बाहेर येऊन म्हणाली.

"मग मार तूच खाशील," करिष्मा म्हणाली. "आपुन हातच लावायचा न्हाई. रोहे, गेरू कशानं निघतो?"

समोरच धुळीवर पाणी मारायला टँकर उभा होता. तो रामप्रसादनेच मागवलेला. चालवत होता भारत, करिष्माचा सख्खा मामा. पोरांचं म्हणणं ऐकून त्याने आधी कानाला हात लावले.

"न्हाई बाबा. माझं भाडं बुडंल."

"मामा, आश्रुबाकाकांचा सोन्या हाय त्यो," करिष्मा म्हणाली.

भारतमामाने कानावरचे हात खाली घेतले. चिखलात रुतलेला त्याचा ट्रॅक्टर एकदा सोन्यानेच ओढून काढला होता. "धर नळी," तो म्हणाला.

सत्यम सापासारखा सरपटत स्टेजच्या कापडाखाली शिरला. बैलाची शेपटी मागे लोंबत होतीच. ती टँकरच्या पाइपात घालून त्याने सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्या सत्यशीलाबाई आल्या. रामप्रसादने माइक हातात घेतला. "या बैलासाठी मी तीन महिने तपश्चर्या केली. रात्रीचा दिवस केला..."

"काका," रोहिणी गर्दीतून ओरडली, "बैलाच्या आत काय हाय?"

रामप्रसाद दचकला, पण सावरला. "आत? लोखंडी सळया. भरीव काम आहे बाळ, तुला नाही कळायचं."

"बघा हं, भरीव म्हणालात. समद्यांनी ऐकलंय." आणि तिने हात वर केला.

बाहेर टँकरची मोटार घुर्रर्र झाली. आधी काहीच झालं नाही. मग बैलाच्या पाठीवर एक थेंब आला, दुसरा आला, आणि बघता बघता सगळं अंग पाझरायला लागलं. तोंडापाशी ठेवलेल्या भोकातून जी चिळकांडी उडाली, ती थेट रामप्रसादच्या पांढऱ्या सदऱ्यावर! तो बाजूला व्हायला गेला आणि गेरूच्या चिखलात बदकन बसला. लोक खो खो हसत सुटले. गेरूचे लाल ओघळ पोटावरून वाहून गेले आणि खाली निळी अक्षरं दिसायला लागली.

सत्यशीलाबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "सोन्या. रोहिणी, सत्यम, करिष्मा." मग त्यांनी खाली बसलेल्या कलाकाराकडे पाहिलं. "यात रामप्रसाद कुठं आहे हो?"

तो सदऱ्यावरचा गेरू पुसायला लागला. बाईंनी पहिल्या बक्षिसाची ढाल करिष्माच्या हातात दिली. तिघांच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "फेकून दिलेल्या नळीत तुम्ही जीव घातलात. आता याला शिक्षा काय द्यायची, तेही तुम्हीच सांगा."

रोहिणीने इतके दिवस तेवढाच विचार केला होता. "ज्या टेम्पोतून नेला, त्याच टेम्पोतून घरी आणायचा. भोंगा लावून. आन् काय केलं ते सोता बोलायचं."

नेकनूरपासून वाडीपर्यंत टेम्पो माणसाच्या चालीने चालला. लालेलाल रामप्रसाद माइकवर बोलत होता, "मी रामप्रसाद. मी पोरांचा बैल चोरला." वस्ती आली की सत्यम टपावरून ओरडायचा, "आवाज न्हाई आला काका, पुन्यांदा!" आणि रोहिणी प्रत्येक वेळी मनापासून हसायची.

भोंगा ऐकून आश्रुबा अंगणात आले होते. बैल खाली उतरवला. त्यांनी पोटावरचं नाव वाचलं आणि तडक घरात निघून गेले. रोहिणी दोन पावलं त्यांच्या मागे गेली आणि थबकली. बापाच्या जखमेवरची खपली तर नाही काढली आपण?

पेटीचं झाकण वाजलं. आश्रुबा घुंगरमाळ घेऊन बाहेर आले, ती बैलाच्या गळ्यात बांधली आणि डाव्या शिंगावरून हात फिरवला.

"सोन्या," ते म्हणाले. मग पोरांकडे वळून, "शिंग लई बराबर जमलंय. मला सुदा न्हाई जमलं आसतं."

त्यांनी पाटीतला एक आंबा घेतला, दाबून मऊ केला आणि रोहिणीच्या हातात दिला. "खा आता. लई रोजापासून बघतोय मी."

तिने देठ तोडून आंबा चोखला. रस कोपरापर्यंत ओघळला. इतका गोड आंबा तिने जन्मात खाल्ला नव्हता.

टेम्पोपाशी रामप्रसाद अंग चोरून उभा होता. "जाऊ का मी आता?"

"थांबा," रोहिणी कोय चोखत म्हणाली. "हापशावरून पाणी आना, आन् परात भरून जावा. चिमण्या ताटकळल्यात."

परात मोठी होती आणि हापसा पार वाडीच्या दुसऱ्या टोकाला. रामप्रसादने सहा घागरी आणल्या. सत्यमने त्या मोजल्या आणि सातवी सांगितली.