वाराबिनहून येणारी पत्रं

"माझी सून माझी पत्रं लपवते," डॉक्टर यशवंत देवस्थळी चहाला हात न लावता म्हणाले. "रविवारी मी पुण्याला चाललोय, कायमचा. त्याआधी पुरावा हवाय."

सून शुभदा स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिने मान खाली घातली. विनयला चोरट्यासारखं झालं.

त्याचं काम लतिकाताईंची गाडी हॅम्बर्गहून इथे वोल्फ्सबुर्गला आणण्यापुरतं. गुप्तहेर त्या. पण गुन्हेगार आपल्याला आधी कळतो, अशी विनयची दर वेळी खात्री असे.

डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातल्या वाराबिन गावात तीस वर्षं दवाखाना चालवला होता. तीनशे माणसं, एक पेट्रोल पंप, एक पोस्ट. पत्नी गेल्यावर ते मुलाकडे जर्मनीत आले. तिथली पोस्टमास्तरीण मेव्हिस दर महिन्याला साऱ्या गावाची खबर कळवायची. मार्चपासून सात महिने एकही पत्र नाही.

"तुम्ही तिला विचारलं नाहीत?" लतिकाताई म्हणाल्या.

"काय विचारू? सून पत्रं चोरते म्हणून? घरची लक्तरं वेशीवर टांगू?"

त्यांनी मेव्हिसचं एक जुनं पाकीट पुढे केलं. वर 'डॉक्टर यश', खाली रस्ता, घराचा नंबर, वोल्फ्सबुर्ग. "आमचं आडनाव तिथे कुणाच्या जिभेवर बसलंच नाही," ते कौतुकाने म्हणाले.

शुभदा त्या दोघांना पत्रांचा डबा दाखवायला खाली घेऊन आली. "रोज मीच उघडते, ताई. बाबांची विम्याची पत्रं येतात, ती देते. वाराबिनचं खरंच आलं नाही."

"हीच," विनय पुटपुटला. "किल्ली हिच्याकडे."

अकरा डबे, अकरा चकचकीत सारख्या पाट्या. यांच्या पाटीवर फक्त 'देवस्थळी'. खाली डिंकाचा चौकोनी डाग.

"दा वार माइन त्सेटल," मागोमाग आलेली तिची नऊ वर्षांची मुलगी शमिका म्हणाली. "माझी चिठ्ठी. आजोबांचं पत्रांवरचं नाव आणि कांगारू. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने काढली, नवी पाटी लावताना."

"कधी?" लतिकाताईंनी विचारलं.

"ओस्टर्नच्या सुट्टीआधी. म्हणजे ईस्टरच्या, मार्चमध्ये."

"पाटीचा फॉर्म बाबांनीच भरला होता," शुभदा म्हणाली. "त्यांचं अक्षर सुरेख आहे ना."

वर आल्यावर लतिकाताई डॉक्टरांसमोर बसल्या.

"इथला पोस्टमन डब्यावरचं नाव बघतो. विम्याच्या पत्रांवर देवस्थळी असतं, ती पोचतात. मेव्हिस लिहिते डॉक्टर यश. ते नाव फक्त शमिकाच्या चिठ्ठीवर होतं. मार्चमध्ये ती चिठ्ठी निघाली आणि पत्रं थांबली. फॉर्मवर घरातल्यांची नावं लिहायची होती, डॉक्टर. तुम्ही काय लिहिलंत?"

"आडनाव," ते कसंबसं म्हणाले. "म्हटलं, घर एक, नाव एक."

"मग पत्रं चोरीला गेली नाहीत. परत गेली."

वाराबिनला संध्याकाळ होती. डॉक्टरांनी फोन लावला. पोस्टात मेव्हिसची भाची होती. पाठवलेली सगळी पाकिटं मावशीच्याच खिडकीवर परत आली होती. डॉक्टर आपल्याला विसरला, असं म्हणत तिने ती दोऱ्याने बांधून ठेवली. मावशी गेल्या महिन्यात वारली. पाकिटं पाठवू का, भाचीने विचारलं.

डॉक्टर 'हो' म्हणाले आणि फोन ठेवून शुभदाकडे वळले.

"सात महिने तुला चोर म्हणत होतो," ते म्हणाले. "चुकलो मी, शुभदा. रविवारचं तिकीट रद्द कर."

विनयचेही कान लाल झाले होते. शुभदा डोळे पुसत चिकटपट्टी शोधायला लागली.

"शमिका, आजोबांची चिठ्ठी नव्याने कर. कांगारूसकट," ती म्हणाली.

"मी लावतो ती," डॉक्टर उठत म्हणाले. "मेव्हिसची पत्रं यायची आहेत."