आतल्या खोलीतला कवडसा

मी डोळे तपासते. आरमोरीच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते, डोळ्यांतलं प्रेशर मोजते. त्यामुळे आईच्या नजरेबद्दल कुणी खोटी आशा लावली की माझं डोकं फिरतं. काचबिंदूनं तिची नस सुकली आहे, आणि सुकलेली नस पुन्हा जिवंत होत नसते. माझा भाऊ संघपाल हे सगळं ऐकून घेतो आणि शेवटी आपलंच घोडं पुढे दामटतो.

दादा नॉर्वेत चित्रकार आहे. पार उत्तरेला, जिथं थंडीत कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. अशा जागी बसून हा माणूस जन्मभर ऊन रंगवतो. आता याला काय म्हणावं! तिकडे त्याची प्रदर्शनं भरतात. पण त्याचं नाव व्हायला लागलं तोवर आईची नजर गेली होती. यंदा जानेवारीत तो आला तो हीच खंत घेऊन.

"आईले एक तरी चित्र दाखवाचं हाय मले," तो म्हणाला.

"दादा, कशाले जिवाले लावून घेतं?" मी म्हटलं. तो तोंड फिरवून रंगांची पेटी उघडायला बसला. मलाही वाईट वाटलं.

आमच्या आतल्या खोलीला खिडकी नाही. एका भिंतीला धानाची कोठी आहे, समोरची भिंत रिकामी. दादानं ती पांढऱ्या मातीनं पोतली, बल्ब लावला आणि रंग कालवले. आमचे बाबा झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. त्या लोकांची एक रीत होती. पडद्यात उजेड भरायच्या आधी सगळ्यात मागं बसलेल्याला विचारायचं, उजेड कुठून येतो? तो दाखवील तिकडूनच भरायचा, कारण नाटक मागच्याला दिसलं पाहिजे. दादाचा ब्रश सवयीनं थांबला आणि तोंडून निघून गेलं, "उजेड कुठून येते?"

मागं दारात आईच लसूण सोलत बसली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईनं शांतपणे कोठीकडे बोट केलं. "तिकडून."

दादानं वाद घातला नाही. कोठीच्या समोरच्या भिंतीवर त्यानं एवढंच काढलं: खिडकीतून पडावा तसा उन्हाचा एक कवडसा, गजांच्या सावल्यांसकट.

दुपारी आई भिंत चाचपत तिथं गेली. "इथी ऊन हाय," म्हणाली. मी हात लावून पाहिलं. भिंत कोमट होती. बल्बची धग असेल, म्हणून मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी बल्ब लावलाच नव्हता, तरी खोलीत दिसत होतं. मांजर भिंतीशी अंग ताणून झोपलं होतं. संध्याकाळी पाहते तर कवडसा दाराकडे सरकलेला, लांबट झालेला.

"दादा, काऊन घडी घडी रंगवून राह्यला?" मी चिडून विचारलं.

त्यानं हात पुढे केले. बोटांना रंग नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

मी तळहात भिंतीवर टेकवला. पिवळा रंग हाताखाली झाकला जायला हवा होता.

तो हातावर आला.

दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ऊन त्याच्या तोंडावर पडलं. आई समोर होती. ती पाहत राहिली. पाहतच राहिली.

"बापू," ती म्हणाली, "तुहे केस पिकले रे."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. दादा तिथंच खाली बसून रडला, आणि मीही रडले. आईनं मात्र भिंतीवरचं काम नीट निरखलं आणि म्हणाली, "चांगलं काढलं. पिवळं जरा जास्त झालं."

मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि बॅटरी आणली. बॅटरीच्या उजेडात तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या ढिम्म. कवडसा डोळ्यांवर आला, तशा त्या बारीक झाल्या.

दादा परत गेला. जाताना खूप दिवसांनी शीळ घालत होता. आई आता जेवण झालं की तिथं बसते. बाकी घरात तिला अंधारच आहे, पण त्या जागी ती मला साडीचा रंग सांगते, मी वाळले म्हणून रागावते. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. असं सुख तपासायचं नसतं, इतकं मला कळतं.

काल तिथंच बसून तिचे केस विंचरत होते. तिच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली. सावकाश, खिडकीबाहेरून कुणी जावं तशी.

आमच्या समोर फक्त धानाची कोठी होती.

सावली परत आली आणि थांबली. आईची नजर कोठीवर खिळली. ती हसली.

"कोन हाय, आई?"

"ओळखीचं नाई," तिनं हात उचलून हलवला. "तू बी हालव ना. तुह्याकडंच पाहून राह्यला."