हात ओळखता आला नाही

शर्वाणीने परवलीचा शब्द तिसऱ्यांदा टाइप केला आणि संगणकात तिनेच बांधलेल्या अग्निभिंतीने तिला तिसऱ्यांदा दारातूनच परत पाठवलं. पडद्यावर तेच वाक्य आलं: हात ओळखता आला नाही.

समुद्राच्या तळाशी ‘शिंपला’ या निरीक्षणगृहात तिचा थोरला भाऊ विश्राम एकटा अडकला होता. यंत्रदालनात पाणी शिरलं होतं. राखीव प्राणवायूची झडप आता फक्त किनाऱ्यावरच्या या साहाय्यकेंद्रातून उघडता येणार होती. इथून तिथपर्यंत एक कूटबोगदा होता. त्यातून प्रत्येक अक्षर कुलूपबंद होऊन जाई आणि तिथला पडदा इथल्या हातांनी चाले. बोगद्याच्या तोंडाशी मात्र भिंत होती.

“शब्द चुकतोय का?” केंद्राचे नवे प्रमुख गोगटे यांनी विचारलं.

“शब्द बरोबर आहे, सर. भिंत बोटांची लयही तपासते. कुणी माझ्या डोक्याला पिस्तूल लावून काम करून घेऊ नये, म्हणून घाबरलेला हात ती आत सोडत नाही. आत गेल्यावरही तपासतच राहते.”

“मग मी टाइप करतो.”

“तुमचा हात शिकायला तिला आठवडा लागेल.”

“अहो, एखादी चोरवाट तरी ठेवली असेल!”

“सगळे ठेवा म्हणत होते. मीच हट्टाने ठेवू दिली नाही.” तिला रडू फुटलं. एवढी हुशारी पाजळून ती आज स्वतःच्याच दाराबाहेर उभी होती.

आवाजाची तार भिंतीबाहेरून जात होती. विश्रामला सगळं ऐकू येत होतं. तो एकदम हसला.

“शर्वू, रडूबाई! अगं, झडप आपोआप उघडली की! गार हवा येतेय तोंडावर.”

“खरंच, दादा?”

“मग काय! तुझ्या भिंतीपेक्षा माझी झडप शहाणी. आता सावकाश आत ये आणि ती नीट पक्की करून टाक. घाई नाही.”

शर्वाणीच्या जिवात जीव आला. तिने डोळे पुसले, नेहमीसारखी बोटं मोडली आणि शब्द टाइप केला. भिंत मुकाट्याने बाजूला झाली. शिंपल्याचा पडदा समोर उघडला.

केंद्राची शिस्त होती: आधी आकडे वाचायचे, मगच हात लावायचा. नव्या मुलांना ती स्वतःच दटावून हे शिकवायची. सवयीने तिने आकडे वाचले. झडप बंद होती. प्राणवायू मघापेक्षाही खाली गेला होता.

तिला सगळं कळलं. दादाला भिंतीचा स्वभाव समजला होता, आणि ती निर्धास्त व्हावी म्हणून तो उरलासुरला श्वास हसण्यावर घालवत होता. झडपेची आज्ञा फक्त चार अक्षरांची होती. तिने पहिलं टाइप केलं, दुसरं केलं. तिसऱ्याला बोट थरथरलं.

हात ओळखता आला नाही.

बोगदा मिटला. गोगटे काही बोलणार होते, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

“शर्वू,” विश्रामचा आवाज आता फार बारीक झाला होता, “पोचलीस का गं आत?”

आवाज तपासणारी भिंत तिने कधी बांधली नव्हती.

“हो दादा,” ती म्हणाली, “पोचले. उघडतेच आहे.”