टाकीवरचा दिवा

नामिबच्या वाळवंटातल्या त्या अभयारण्यात रात्री पांढरा उजेड चालत नाही. टॉर्चलासुद्धा लाल कागद. तारे बघायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात आणि त्या अंधारावरच वस्तीच्या चुली पेटतात.

जेवणं झाली होती. निखाऱ्यांवर वाळू लोटून म्हातारा डाविड पाय पसरून बसला. समोर स्टुलांवर वाटाड्याचं काम शिकणारे दोघे, योनास आणि रोझिना.

"आजोबा, सांगायचं तर सांगा लवकर," रोझिना म्हणाली. "साडेदहाला पाहुण्यांना दुर्बिणीपाशी न्यायचंय. तुमची भुतं कधी वेळ पाळत नाहीत."

"तिखट गं बाई तुझं तोंड," डाविड हसला. "ही खरी गोष्ट आहे. माझ्या ओळखीतल्या एकाची. इथंच रात्रीचा राखणदार होता."

रोझिनानं तोंड वाकडं केलं. म्हाताऱ्यांची सगळी भुतं ओळखीतल्यांनाच भेटतात.

"सोळा जून, दोन हजार पंधरा. अमावास्या. राखणदाराचा एक दोस्त दुपारी लांबच्या विहिरीवर पंप दुरुस्त करायला गेला होता. साधंच काम. येताना गाडी वाळूत रुतली, म्हणून चालत निघाला. वर धुळीचं सावट, तारे दिसेनात. पावणेनऊला वायरलेसवर बोलला, 'दिशा कळेना रे. दिवा लाव.'"

कोणता दिवा, ते विचारायची गरज नव्हती. पाण्याच्या टाकीवरचा. अख्ख्या अभयारण्यात तेवढा एकच पांढरा दिवा, माणूस चुकला तरच लावायचा.

"मग लावला ना?" योनासनं विचारलं.

"त्या दिवशी अंधार मोजणारे आले होते. यंत्रं मांडून बसलेले. धूळ विरायची वाट बघत. उजेड दिसला असता तर अंधाराचा दाखला हातचा गेला असता, आणि वस्तीतल्या तीस घरांच्या नोकऱ्या. राखणदाराला वाटलं, वाळवंटात मुरलेला माणूस आहे, येईल आपला आपण. वायरलेसवर नुसतं म्हणाला, 'लावतो.'"

"आणि?"

"नाही लावला."

रोझिनाचं हसू कधीच गेलं होतं. सोळा जून ही तारीख तिच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. तिचा बाप, एलियास, त्या रात्री दारू पिऊन वाळूत पडला आणि गारठून मेला, असं तिला सांगितलेलं. शाळेत पोरं तिला 'बाटलीची पोर' म्हणायची. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

"दहाला त्यानं परत विचारलं, 'लावलास का?' हा म्हणाला, लावतो. अकराला परत. लावतो... साडेअकरानंतर काही नाही. थंडी फार होती. सकाळी सापडला. टाकीपासून चारशे पावलांवर."

डाविडनं निखाऱ्यांवर आणखी वाळू लोटली.

"दाखला मिळाला. तेव्हापासून दर अमावास्येला वायरलेस बोलतो. बंद असला तरी. तेवढंच... 'लावलास का?'"

"बस, एवढंच भूत?" योनास हसला. एकटाच.

"तो प्यायला नव्हता," रोझिना म्हणाली.

डाविडनं मान वर केली.

"आजोबा, माझा बाप प्यायला नव्हता?"

"थेंबभरही नाही."

"मग आईला तसं कुणी सांगितलं?"

"वस्तीनं ठरवलं, पोरी. चौकशी झाली असती तर..."

"वस्तीनं! बापाला पुरताना... माझ्या डोक्यावर हात ठेवून रडलात तुम्ही सगळे. राखणदार कोण होता?"

डाविडची नजर टाकीकडे गेली.

"नाव घ्या. अकरा वर्षं झाली. एकदा तरी घ्या."

डाविडनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ती उठली. टाकीकडे निघाली.

"रोझिना, पाहुणे आहेत! आज अमावास्या..."

"ठाऊक आहे."

शिडी गारठलेली. वर खटका. गंज चढलेला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला.

उजेड.

पांढरा. चारी बाजूंना. दुर्बिणीपाशी आधीच जमलेले पाहुणे ओरडले. व्यवस्थापक शिव्या देत धावला. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. वाळूच्या टेकड्यांकडे तोंड करून ती ओरडली,

"लावलाय, बाबा!"

काही नाही. वारासुद्धा नाही.

ती खाली आली. डाविड उभा होता. तिच्याकडे पाहत नव्हता. वाळूकडे पाहत होता.

तिच्या रिकाम्या स्टुलाच्या शेजारी, जिथं संध्याकाळपासून कुणीच बसलं नव्हतं, तिथं वाळूत एक खळगा पडला होता. माणूस टेकतो तेवढा. पुढे दोन टाचांचे ठसे.

खळग्याच्या कडेवरून वाळू अजून घरंगळत होती.