बॉस्कोपचा मेथांबा

सफरचंदाचा पहिला चावा घेतला आणि मी भर बाजारात किंचाळले, "आई गं!"

दात असे आंबले म्हणून सांगू! मागे कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघते तर हातात छत्री असूनही चिंब भिजलेला एक मुलगा.

"बॉस्कोप आहे तो. नुसता खात नाहीत हो... शिजवतात. इथल्या आज्या केकमध्ये घालतात."

"मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"मग 'आई गं' काय जर्मन आहे?"

हा गौरांग. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये इंजिनिअर. मी तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते. २००७चा सप्टेंबर संपत आला होता, आणि माझं डोकं तोवर तरी ठिकाणावर होतं.

त्याचं म्हणणं, या जुन्या, खडबडीत सालीच्या सफरचंदात कैरीचा गुण आहे. पुढच्या रविवारी त्याच्या किचनमध्ये आम्ही मेथांबा केला. मेथी तडतडली, गूळ विरघळला आणि फोडींचा पार लगदा झाला.

"हा मेथांबा की खळ?"

"आधी चव तर घ्या," म्हणत त्याने चमचा पुढे केला... आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडेच बघत राहिले.

मग दर रविवारी बॉस्कोप, दर रविवारी तो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एकदा माझ्या गालावरचा गूळ पुसता पुसता तो म्हणाला, "निशिगंधा, दिवाळीला आई येतायत ना तुझी? बोलू मी त्यांच्याशी... आपल्याबद्दल?"

"मी बोलते ना!" मी ऐटीत सांगितलं. आमच्या घरात आजवर कुणी स्वतःचं लग्न स्वतः जमवलं नव्हतं.

आई आली. पहिल्याच संध्याकाळी गौरांग मेथांब्याची बरणी घेऊन हजर. तो दारात बूट काढत असताना आईने विचारलं, "हा कोण गं?"

आणि मी काय म्हणावं? "भावासारखा आहे गं!"

त्याने ते ऐकलं. आई तर विरघळलीच. "मग रविवारी भाऊबीजेला ये हो बाळा. परदेशात तुला कोण ओवाळणार!"

तो खरंच आला, इस्त्रीचा कुर्ता घालून. मी कुंकू लावायला पुढे वाकले. "बोल की..." तो अगदी हळू म्हणाला. आई शेजारीच उभी होती. मी निरांजनाचं ताट उचललं आणि... ओवाळलं.

मग जिन्यात त्याच्यामागे धावले. "दोन दिवस दे, गौरांग. सांगते मी आईला."

"मला शेवटपर्यंत वाटत होतं, तू ताट खाली ठेवशील." तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला आणि गेला.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. आई परत गेली तरी माझी जीभ रेटेना. फेब्रुवारीत त्याने म्युनिकला नोकरी धरली, पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. तेव्हा कुठे मी फोनवर आईला सगळं सांगितलं, रडत रडत.



"अगं कार्टे," तीही रडायलाच लागली, "मला तर तो दारातच जावई म्हणून आवडला होता. तू भाऊ म्हणालीस, म्हणून मी गप्प बसले."