पलीकडून येणारी सुई

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं वरकुट्याला यावं. मी स्वतः शेडच्या दारापर्यंत सोडेन.

आत मात्र येणार नाही.

अशा गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथं रात्र नाही. गेल्या भादव्यातली भर दुपार होती. ऊस डोक्याएवढा झालेला, विहिरीवरची मोटार चालू, माणसं बांधावर भाकरी खात बसलेली.

सोपानतात्या माझे चुलते. उभी हयात वालचंदनगरला फिटर म्हणून काढली. बारामतीची शिकाऊ विमानं आमच्या रानावरून जायची, तेव्हा तात्या खुरपं हातात धरून मान वर करून उभे राहायचे. निवृत्त झाल्यावर ते चक्क विमान चालवायला शिकले. मग पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं, दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. गावानं आधी येड्यात काढलं. नंतर तेच गाव पाव्हण्यांना विमान दाखवायला आणू लागलं.

विजयमालाकाकी जिभेच्या तिखट.

"ह्या वयात मानसं काशीला जात्यात. आमचं धनी आभाळात निघाल्यात!"

"मागं तुझी शीट हाय की," तात्या म्हणायचे.

"मला न्हाय बसायचं. आन तुमी वर गेल्यावर मी खाली कुनाच्या तोंडाकडं बघू?"

तरी पंखांना कापड चढवायची वेळ आली, तेव्हा काकीच पदर खोचून पुढं आल्या. पंखाच्या सांगाड्यावर दोन्ही अंगांनी कापड ताणतात आणि लांब सुईनं आरपार शिवतात. पंख उभा करायचा. एकानं अलीकडं बसायचं, एकानं पलीकडं. यानं सुई घालायची, त्यानं परत पाठवायची. मधे कापड, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही. काकींनी जन्मभर गोधड्या शिवलेल्या. त्या डावखुऱ्या. त्यांची गाठ उलट्या अंगाची, आणि दातानंही सुटायची नाही.

"शिवून देते," त्या पलीकडून म्हणायच्या. "उडू देते म्हनले न्हाय."

तात्या खो खो हसायचे.

आषाढात काकी गेल्या. साधा ताप आला, डोक्यात गेला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. डावा पंख अर्धा शिवून राहिला होता. सुई कापडात तशीच टोचलेली.

मातीला आलेल्या, गावातल्या जाणत्या कुशाबाईंनी तेव्हाच सांगितलं, "सोपानराव, गेलेल्या बाईची अर्धी शिवन पुरी करू न्हाय. तिच्यासंगं द्यावी."

"गोधडी हाय व्हय ती, सरनावर टाकायला?" तात्या खेकसले.

त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांचं हृदय थकलेलं. उडायला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो दिवाळीपर्यंतच होता. पुढं मिळणार नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. पंख जाळला असता तर आयुष्यात एकदा स्वतःच्या विमानातून उडायचं, ते राहूनच गेलं असतं.

मग तात्या एकटेच शिवू लागले. सुई घालायची, गुडघे धरून उठायचं, पलीकडं जाऊन ती परत घालायची, पुन्हा अलीकडं यायचं. टाक्या-टाक्याला हेलपाटा.

त्या दुपारी त्यांनी सुई घातली. गुडघ्यावर हात टेकून उठणार, तेवढ्यात...

टच्.

सुईचं टोक अलीकडं आलं होतं. बरोबर खुणेवर.

तात्या उठले नाहीत. भीती नाही वाटली का, असं मी नंतर विचारलं.

"भ्या कशाचं? माझीच बाय ती. उठून बघितलं आस्तं तर गेली आस्ती."

त्यांनी दोरा ओढला. सर्रर्र... पलीकडून कुणीतरी तो ताणून धरला होता.

मग रोज दुपारी तेच. तात्या पावसाचं बोलायचे, म्हशीचं बोलायचे. पलीकडून उत्तर नाही. बांगडीचा आवाज नाही, श्वासाचा नाही. फक्त...

टच्.

तात्या इतके खुशीत दिसायचे की आम्हाला वाटलं, माणूस दुःखातून सावरला.

पंख पुरा झाला. आम्ही दोघांनी तो विमानाला जोडला. पंखाच्या मागच्या कडेला एक पट्टी असते. ती वरखाली झाली की विमान वळतं. तात्यांनी आत बसून दांडा हलवायला घेतला, पण दांडा हलेना. डावीकडची पट्टी अडकली होती.

जवळ जाऊन बघितलं...

पट्टी पंखाला शिवून टाकली होती. बारीक धावदोऱ्यानं, गोधडीच्या काठासारखी. शेवटी उलट्या अंगाची गाठ.

"चेष्टा करती म्हातारी," तात्या म्हणाले आणि टाके कापून टाकले.

सकाळी पट्टी पुन्हा शिवलेली.

शेडला कुलूप लावलं. पुन्हा शिवलेली. टाके आधीपेक्षा दाट.

एकदा मी तात्यांना पंखापुढं हात जोडून उभं राहिलेलं पाहिलं. "माले, एकदाच. रानावरनं एक घिरटी घालतो आन येतो. तुझ्याकडंच येतो की गं!"

मी आवाज न करता दारातूनच मागं फिरलो.

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी त्यांनी टाके कापले आणि तसेच विमानात जाऊन बसले. माळावर आम्ही साफ केलेल्या धावपट्टीच्या कडेला मी उभा होतो. विमान पळालं. शेपूट उचललं गेलं. आता सुटणार...

आणि इंजिन मंदावलं. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं.

मी धावत गेलो. तात्या समोर बघत बसले होते. वर उचलायला दांडा मागं ओढावा लागतो. त्यांचा हात हलला नव्हता. सदऱ्याची बाही कोपरापासून मनगटापर्यंत... सदऱ्याच्या कुशीलाच शिवलेली होती.

इंजिनाच्या एवढ्या आवाजातही त्यांना ऐकू आलं म्हणे. टच्... टच्... टच्.

मी टाके कापायला लागलो. तात्या हळूच म्हणाले, "जिकली ती. तिला मी खालीच पायजे. ऱ्हातो खालीच."

दाखल्याची मुदत संपली. विमान शेडमध्ये गेलं ते गेलंच. तात्यांनी डावा पंख उतरवला, त्याची शिवण उसवली आणि तो पुन्हा शिवायला घेतला. उडायचं नव्हतंच आता. तिच्याबरोबर बसायचं होतं.

मागच्या रविवारी मी दारातून पाहिलं. त्यांनी सुई घातली आणि थांबले.

काही नाही.

"माले..."

काहीच नाही.

दिवाळीनंतर एकदाही सुई परत आलेली नाही. तात्या गुडघे धरून उठतात, पलीकडं जातात, पुन्हा अलीकडं येतात. दिवस मावळेपर्यंत. उडणं गेलं, आणि जिच्यापायी सोडलं तीही गेली.

पलीकडचं स्टूल रिकामंच असतं. मी गुपचूप तिथं जाऊन बसलो आणि नुसती सुई परत पाठवत राहिलो, तर म्हाताऱ्याला कळणारही नाही. मधे कापडच आहे. जाईपर्यंत समाधानात राहतील.

पण दारातून माझं पाऊल पुढं पडत नाही.

मी तिथं बसलो... आणि मी हात लावायच्या आत सुई परत गेली तर?